दीड खड्डा वाया गेला त्याची गोष्ट: बिडाचा पाइप, काळा पाइप आणि आवाजाचा वेग

मशीनने गळती दाखवली गेटपासून साडेसहा मीटरवर आणि निघाली ती जवळजवळ सत्तर मीटरवर. म्हणजे चूक थोडीथोडकी नाही, त्रेसष्ट मीटरची, आणि मशीन बिघडलेलं नव्हतं, सेन्सर नीट बसले होते, बॅटरी फुल होती, सगळं व्यवस्थित होतं. चूक माझी होती आणि ती एकाच आकड्यात होती. या धंद्यात आलेल्या नवीन पोरांना मी हे प्रकरण तोंडी बऱ्याचदा सांगितलंय, आता एकदा सगळे आकडे टाकून लिहूनच काढतो.

आमचं काम जमिनीखालच्या पाण्याच्या लाइनमधली गळती शोधायचं. दोन माणसं, एक व्हॅन, एक कोरिलेटर. हे प्रकरण पुणे परिसरातल्या एका मोठ्या सोसायटीतलं. पाणी दिवसाआड, पहाटे साडेचार ते साडेआठ. गेटपाशी मीटर, तिथून दीडशे एमएमची लाइन आत येते आणि क्लब हाऊसच्या मागून वळून खालच्या मोठ्या टाकीला जाते. तक्रार अशी की मीटर जेवढं पाणी आलं म्हणतो तेवढं टाकीत चढतच नाही. सेक्रेटरी मॅडमनी टाकीची लांबी-रुंदी मोजून, पट्टी लावून, दर अर्ध्या तासाला पातळी लिहून ठेवली होती (असं गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं) आणि हिशोबात साधारण पाचवा हिस्सा पाणी गायब होतं. वर कुठेही ओल नाही. पेव्हर ब्लॉकखाली मुरूम भरलेला असला की पाणी खालच्या खाली पळतं, वर थेंब दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांनी शोधायचा प्रश्नच नव्हता.

आता कोरिलेटर काय करतो ते आधी सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पाइपला भोक पडलं की पाणी दाबाने बाहेर पडताना आवाज करतं, तो आवाज पाइपमधून दोन्ही बाजूंना पळतो. लाइनच्या दोन टोकांना, म्हणजे गळती मधे कुठेतरी येईल अशा बेताने, दोन चाव्यांवर (व्हॉल्व्हवर) चुंबकाचे सेन्सर बसवायचे. गळती ज्याच्या जवळ त्याला आवाज आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. मशीन दोन्हीकडचा आवाज एकमेकांवर सरकवून बघतं की किती मिलीसेकंद सरकवला की दोन्ही जुळतात, तिथे स्क्रीनवर एक टोक उभं राहतं, आम्ही त्याला पीक म्हणतो. बस, मशीनला खरं माहीत असतं ते एवढंच: अमुक मिलीसेकंदांचा फरक. मीटर-बिटर त्याला काही कळत नाही. मीटर काढायला तुम्ही त्याला दोन गोष्टी सांगायच्या, दोन सेन्सरमधलं अंतर आणि पाइपमधला आवाजाचा वेग. अंतर टेप लावून मोजता येतं. वेग मात्र तुम्ही यादीतून निवडता, पाइप कशाचा आणि किती इंची ते बघून.

सोसायटीचं ड्रॉइंग होतं, त्यावर पूर्ण लाइन बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. गेटजवळच्या चेंबरमध्ये उतरलो (याला ए म्हणू), बिडाचा पाइप. टाकीजवळच्या चेंबरमध्ये उतरलो (हे बी), चावी बिडाची, तिच्यामागचा बेंडही बिडाचा आणि तो मातीत गेलेला. झालं, खात्री पटली. दोन्ही टोकं बिडाची म्हणजे मधलंही बीडच असणार ना. लाइनच्या वाटेने टेप टाकला, १२० मीटर. मशीनमध्ये दीडशे एमएम बीड निवडलं, वेग आला १२९० मीटर प्रति सेकंद.

पहिल्या दिवशी पाणी सुरू झाल्यावर तासभर नुसते बसून राहिलो. हे सगळ्यांना सांगतो, घाई करू नका, कारण दिवसाआड पाणी म्हणजे मधल्या वेळात लाइन रिकामी होते आणि आत हवा भरते, सुरुवातीला नळ कसा खाकरतो ते आपण घरी बघतोच. पाण्यात एक टक्का जरी हवेचे बुडबुडे असले तरी त्या मिश्रणातला आवाजाचा वेग १४८० वरून शे-दीडशेपर्यंत कोसळतो. शंभर भागात एक भाग हवा, आणि वेग दहाव्या हिश्श्यावर! खोटं वाटत असेल तर घरी करून बघा, कपात कडकडीत गरम पाणी घ्या, इन्स्टंट कॉफीची पावडर टाकून ढवळा आणि लगेच चमच्याने कपाच्या तळाला आतून टकटक करत राहा, सूर आधी खर्जात असतो आणि बुडबुडे वर निघून जातात तसा हळूहळू चढत जातो, कपाची उंची तीच, पाणी तेच, बदलतो तो फक्त आतला वेग.

असो. साडेपाचला हवा निघून गेली, बीची चावी बंद केली म्हणजे टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज मधे येणार नाही, आणि माप घेतलं. ए ला आवाज आधी, बी ला ८३ मिलीसेकंद उशिरा. हिशोब सोपा, एकूण अंतरातून वेग गुणिले फरक वजा करायचा आणि उरेल त्याचं अर्धं:

१२९० × ०.०८३ = १०७ मीटर
(१२० − १०७) ÷ २ = साडेसहा मीटर, ए पासून

म्हणजे वॉचमनच्या केबिनच्या अगदी बाजूला. खडूने गोल काढला.

इथे दोन गोष्टी माझ्या नजरेसमोर होत्या आणि मी त्यांच्याकडे काणाडोळा केला. पहिली म्हणजे पीक. बिडाच्या लाइनवर एवढी जवळ गळती असेल तर पीक सुईसारखं टोकदार येतं. इथे ते बसक्या टेकडीसारखं आलं होतं, बोथट. मी म्हटलं दाब कमी असेल. दुसरी म्हणजे प्लंबर मामा. सोसायटीत वीस वर्षं काम करतायत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्याकडे एक लांब सळई असते, एक टोक चावीवर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवून ऐकतात. त्यांनी ए वर ऐकलं, मग बी वर जाऊन ऐकलं, परत आले आणि म्हणाले, "साहेब, पलीकडे आवाज दबतोय. बिडाला असा दबत नाही." मी हो हो म्हटलं. मशीन साडेसहा म्हणतंय, हातात आकडा आहे, मग सळईचं कोण ऐकतंय.

ब्रेकर लावला, पेव्हर काढले, सव्वा मीटर खाली गेलो. पाइप लागला. कोरडा ठणठणीत. मुरूम एवढा सुका की फावड्यागणिक धूळ उडत होती आणि चेअरमन साहेब काठावर उभे राहून शांतपणे म्हणाले, "इथे झाडाला तरी पाणी घालायला हवं होतं."

तेवढ्यात एक काका आले, शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले. त्यांनी स्क्रीन बघितली आणि विचारलं, "अहो, लोखंडात आवाज सेकंदाला पाच हजार मीटर जातो असं मी पोरांना तीस वर्षं शिकवलं, तुम्ही १२९० कसं घातलंत?" मला आधी वाटलं चला, आता हे पण. पण प्रश्न अगदी रास्त आहे आणि अर्ध्या लोकांना तो पडतही नाही.

उत्तर असं की काका बरोबर होते आणि १२९० पण बरोबर होतं. आवाज म्हणजे दाबाची लाट, एक थर पुढच्या थराला ढकलतो, तो पुढच्याला. थर जेवढा ताठ तेवढा धक्का पटकन पुढे जातो, थर जेवढा जड तेवढा हलायला वेळ लावतो. म्हणून वेग ठरतो ताठपणा भागिले घनता, आणि त्याचं वर्गमूळ. लोक म्हणतात घन पदार्थ दाट असतो, कण जवळजवळ असतात म्हणून आवाज वेगात जातो, हे अर्धवट आहे, खरं म्हणजे उलटंच आहे, घनता वाढली की वेग कमी होतो, लोखंड जिंकतं ते ताठपणावर. शिसं घ्या, लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट दाट, पण मऊ, दाताने चावलं तर खूण उमटेल असं. शिशात वेग साधारण २१६०, पोलादात ५९००. आणि अॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं आणि ताठपणाही एक तृतीयांशाच्या आसपासच, म्हणून दोघांच्या बारीक सळईत वेग जवळजवळ सारखाच, पाच हजाराच्या थोडा वर. सळईत पाच हजार आणि जाड ठोकळ्यात ५९०० असा फरक का, तर ठोकळ्यात बाजूला फुगायला जागा नसते, त्यामुळे पदार्थ जास्त ताठ वागतो. म्हणजे एकाच पोलादाला पण एकच वेग नाही, आकारावर जातं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काकांचा आकडा रिकाम्या पाइपला लागू होतो (बिडाला थोडा कमी, चार हजाराच्या आत). त्याचा प्रयोग १८०८ मध्ये पॅरिसमध्ये झालेलासुद्धा आहे, जाँ-बाप्तिस्त बियो नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाण्यासाठी बनवलेल्या बिडाच्या पाइपवर केला, ९५१ मीटर लांब, आत पाणी नव्हतं. एका टोकाला ठोका दिला की दुसऱ्या टोकाला दोन आवाज ऐकू यायचे, पहिला धातूतून आलेला, दुसरा आतल्या हवेतून, मधे साधारण अडीच सेकंदांचं अंतर. एकच ठोका, दोन वाटा. आम्ही आज दोन सेन्सर लावून जे करतो ते त्याने कानाने आणि घड्याळाने केलं होतं, मला ते वाचून फार आपलंसं वाटलं होतं.

पाण्यातला वेग मोजला गेला १८२६ मध्ये, जिनिव्हाच्या सरोवरात. कोलादों आणि स्टुर्म या दोन शास्त्रज्ञांनी एका होडीतून पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी होडीवर बंदुकीची दारू पेटवून उजेड केला, आणि साडेतेरा किलोमीटर लांब दुसऱ्या होडीत पाण्यात भोंग्यासारखी नळी सोडून कान लावला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंत ९.४ सेकंद, वेग निघाला १४३५ मीटर प्रति सेकंद, पाणी होतं ८ अंशांचं. आपल्याकडे पाणी २५ अंशांच्या आसपास असतं म्हणून १४९० ते १५०० धरायचं. तापमानाने पडतो तो फरक एवढाच, चार-पाच टक्के. त्यावरून डोकं खाजवत बसू नये, आपली चूक त्यात नसते.

आता पाणी भरलेल्या पाइपचं. गळतीचा आवाज हा मुळात पाण्यातल्या दाबाचा खळखळाट, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीला तो मुख्यतः पाण्यातून जातो, धातूतून जाणारा वेगवान हिस्सा अगदी अशक्त असतो. पण पाणी काही सरोवरात नाही, पाइपात आहे, आणि दाबाची लाट पुढे जाताना पाइपची भिंत केसभर फुगते. भिंत फुगली म्हणजे पाण्याला दबायच्या ऐवजी पसरायला जागा मिळाली, म्हणजे पाणी जणू मऊ झालं, आणि मऊ झालं की वेग कमी. हे गणित कोर्टेवेग नावाच्या डच माणसाने १८७८ मध्ये मांडलं. पाण्याचा ताठपणा २.२ गिगापास्कल, बिडाचा साधारण १००, पाइप १५० एमएम, जाडी १० एमएम: २.२ गुणिले १५ (१५० भागिले १०) भागिले १०० म्हणजे ०.३३, त्यात एक मिळवा, वर्गमूळ काढा, १.१५ येतं, आणि १४९० ला त्याने भागा. १२९०. काकांनी खिशातून पेन काढून पावतीच्या मागे स्वतः करून बघितलं, मगच मान हलवली.

आणि मग त्यांनीच विचारलं, "भिंत लोखंडाची नसून प्लॅस्टिकची असती तर?"

मी काळ्या पाइपचं म्हणजे एचडीपीईचं गणित करायला लागलो, नुसतं त्यांना दाखवायला म्हणून. एचडीपीईचा ताठपणा १ गिगापास्कलच्या आसपास, बिडाच्या शंभरावा हिस्सा. जाडी जास्त असते तरी तो जो ०.३३ होता तो जातो वीसच्या घरात. वर्गमूळ साडेचार. वेग ३२०-३३०. म्हणजे बघा, पाण्यात आवाज १४९०, एचडीपीईच्या ठोकळ्यात साधारण २४००, आणि त्याच एचडीपीईच्या पाइपात तेच पाणी भरलं की ३२०. दोघांपेक्षाही कमी! साध्या हवेत ३४३ असतो, त्याच्याहीपेक्षा हळू. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला पण पटलं नव्हतं. पदार्थाचा वेग म्हणून तक्त्यात जो आकडा असतो तो इथे कामालाच येत नाही, दोन पदार्थ एकमेकांत कसे बसवलेत त्यावर सगळं. आपल्या रक्तवाहिन्या तर याहून मऊ, तिथे नाडीची लाट सेकंदाला पाच ते दहा मीटर एवढीच पळते, गणित तेच, आणि वयाप्रमाणे रक्तवाहिनी कडक झाली की ती लाट वेगात पळायला लागते, डॉक्टर त्यावरून रक्तवाहिन्यांचं वय ओळखतात. आमच्या पाइपांतही तेच, भिंत कडक तर वेग जास्त.

हे सगळं बोलणं चाललेलं असताना मामा खड्ड्याच्या कडेला बसून तंबाखू मळत होते. काळा पाइप हा शब्द ऐकल्यावर मान वर केली. "काळा पाइप टाकलाय की मधे. क्लब हाऊसची गटार काढली तेव्हा. आठ-नऊ वर्षं झाली असतील, आधीची कमिटी होती." कुठून कुठपर्यंत? "ते आता नाही सांगता येणार. टाकीच्या अंगाला आहे एवढं नक्की. चावीपाशी जुनाच बेंड परत लावला, म्हणून दिसत नाही."

आता मला तो बोथट पीक पण कळला आणि मामांचा दबलेला आवाज पण. प्लॅस्टिकची भिंत आवाज खाते, वरच्या फ्रिक्वेन्सी आधी खाते, काही शे हर्ट्झच्या खालचंच काय ते पोचतं. सळई कानाला लावून मामांना जे पहाटेच कळलं होतं ते मला साडेदहाला कळलं, एक खड्डा खणून.

पण पाणी गेलं होतं. पुढचं माप दोन दिवसांनी.

दोन दिवसांनी पहाटे परत. या वेळी वेग यादीतून घ्यायचा नाही, मोजायचा, असं ठरवून गेलो. त्याची युक्ती जुनी आहे, लोक आळसाने करत नाहीत. गळतीचा आवाज दोन सेन्सरच्या मधून येतो, त्याऐवजी एक आवाज बाहेरून करायचा. ए च्या अलीकडे मीटरशेजारी माळ्यासाठी एक इंची नळ काढलेला होता, तो पूर्ण उघडला. हा खळखळाट आधी ए ला पोचणार, मग पूर्ण लाइन पार करून बी ला. म्हणजे जो फरक येईल तो १२० मीटर कापायला लागलेला पूर्ण वेळ. सगळं बीड असतं तर ९३ मिलीसेकंद यायला पाहिजे होते. आले १९२. दुप्पट.

स्क्रीनवर दोन टेकड्या होत्या, एक नेहमीची ८३ वर, दुसरी नवीन १९२ वर.

इथे मी दुसरी चूक केली, आणि ही जास्त शहाण्या माणसाची चूक आहे म्हणून सांगतो. १२० मीटरला १९२ मिलीसेकंद म्हणजे वेग ६२५, असा सरळ भागाकार केला आणि मशीनमध्ये ६२५ घातला. उत्तर आलं ३४ मीटर. मोजलेला वेग आहे, यादीतला नाही, म्हणजे आता बरोबरच असणार. खडू काढला, ब्रेकर सुरू, पेव्हर निघाले, अर्धा मीटर गेलो असू आणि मामा म्हणाले, "साहेब, इथे बीडच आहे. काळा इथवर नाही." आणि माझं डोकं चालू झालं. ब्रेकर थांबवला. म्हणून दीड खड्डा.

सरासरी वेग ६२५ हा लाइनमध्ये कुठेच नाही. बिडात १२९०, काळ्यात ३२०, ६२५ ने आवाज कुठेच पळत नाही. तुम्ही पुण्याहून साताऱ्याला हायवेने गेलात आणि पुढे घाटात ट्रकच्या मागे अडकलात, तर एकूण सरासरीवरून शिरवळला कधी होतात ते निघणार नाही. सरासरी वेग पूर्ण लाइनला बरोबर, मधल्या कुठल्याही ठिकाणाला चूक. फक्त गळती जर नेमकी अशा जागी असेल की दोन्हीकडे बीड आणि काळा त्याच प्रमाणात येतील, तरच ते जमलं असतं, आणि एका टोकाला बीड, दुसऱ्या टोकाला काळा असताना तशी जागाच नसते.

मग तिथेच खड्ड्याच्या कडेवर बसून कागदावर मांडलं. मीटर विसरा, फक्त वेळ घ्या, कारण वेळच काय ती मोजलीय. गळतीपासून ए पर्यंत लागणारा वेळ आणि गळतीपासून बी पर्यंत लागणारा वेळ, यांची बेरीज म्हणजे पूर्ण लाइनचा वेळ, १९२. वजाबाकी म्हणजे गळतीच्या पीकचा फरक, ८३. बेरीज माहीत, वजाबाकी माहीत, हे तर सातवीतलं गणित:

(१९२ − ८३) ÷ २ = ५४.५ मिलीसेकंद, गळतीपासून ए पर्यंत

या आकड्याला पाइप कशाचा आहे याच्याशी देणंघेणंच नाही, हे मला फार आवडलं. आता फक्त एवढं बघायचं की ए पासून निघून ५४.५ मिलीसेकंदात कुठे पोचतो. ए कडून सुरुवातीला बीड आहे, मामांची साक्ष. किती मीटर बीड आहे? तेही निघतं. सगळा काळा असता तर १२० मीटरला ३७५ मिलीसेकंद लागले असते. काळ्याचा एकेक मीटर काढून बिडाचा घातला की वेळ २.३५ मिलीसेकंदांनी कमी होतो. ३७५ चे १९२ व्हायला १८३ कमी व्हायला हवेत, १८३ भागिले २.३५, म्हणजे ७८ मीटर बीड आणि ४२ मीटर काळा. बिडाचे ७८ मीटर कापायला ६० मिलीसेकंद लागतात. आपल्याला ५४.५ च पाहिजेत, म्हणजे गळती बिडातच आहे, काळ्याला पोचायच्या आधी.

१२९० × ०.०५४५ = ७०.३ मीटर

टेप टाकला. क्लब हाऊसच्या कोपऱ्यावर, बॅडमिंटन कोर्टच्या जाळीपाशी. मामांनी त्या जागी सळई टेकवून ऐकलं, काही बोलले नाहीत, नुसतं ब्रेकरवाल्याला हाताने खूण केली.

मीटरभर खाली गेल्यावरच मुरमाचा रंग बदलला, मग चिखल, मग फावडं मारलं की खड्डा भरायला लागला. पंप लावला. गळती होती बिडाच्या दोन पाइपांच्या जोडावर, जुना शिशाचा जॉइंट, खालच्या बाजूने शिसं सरकून बाहेर आलेलं आणि तिथून पाण्याचा पंखा उडत होता. हात लावला तर आवाज बोटांना कळत होता, एक बारीक थरथर. खड्ड्याच्या मधोमध नव्हता जोड, ऐंशी सेंटीमीटर ए च्या अंगाला निघाला, म्हणजे खरं अंतर ६९.५. एवढी चूक मी हसत घेतो, बिडाची जाडी ओतताना सगळीकडे सारखी येत नाही, आतून गंज आणि थर चढतात, १२९० चा १२७५ व्हायला तेवढं पुरतं.

कारण काय असावं यावर आमचे आणि मामांचे थोडे मतभेद आहेत. मामा म्हणतात गटार काढताना जेसीबीने लाइन हलवली तेव्हापासून जोड ढिला होता. मला वाटतं काळा पाइप तापमानाने लांबी बदलतो, बिडापेक्षा कितीतरी जास्त, आणि तो ओढ जवळच्या जोडावर देत राहिला. दोन्ही असू शकतं. शिसं परत ठोकून बसवण्यात अर्थ नव्हता, जोडावरून बाहेरून क्लॅम्प टाकला, दुपारपर्यंत काम संपलं. पुढच्या पाण्याच्या दिवशी सेक्रेटरी मॅडमनी पट्टी लावली, मीटर आणि टाकी जुळले.

एक शेपूट राहिलं. पावसाळ्यानंतर सोसायटीने कोर्टच्या बाजूचे पेव्हर बदलायला काढले तेव्हा मॅडमचा फोन आला, काळा पाइप दिसतोय, बघायला येताय का. लगेच गेलो. बीड जिथे संपतं आणि फ्लँज लावून काळा सुरू होतो ती जागा टेपने मोजली, ७६.५ मीटर. मी कागदावर ७८ काढले होते, न खणता, नुसत्या ऐकण्यावर. आता काळ्याची खरी लांबी कळली, ४३.५ मीटर, त्यावरून उलटा हिशोब केला तर त्यातला वेग ३३० च्या आसपास येतो. माझ्या वहीत आता एचडीपीईसमोर ३२० खोडून ३३० लिहिलंय आणि बाजूला छोट्या अक्षरात पाइपचा व्यास आणि जाडी, कारण त्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

सोसायटीच्या ड्रॉइंगवर मॅडमनी लाल पेनने ती रेघ काढून घेतली आणि त्याची झेरॉक्स लॅमिनेट करून बीच्या चेंबरच्या झाकणाला आतून चिकटवली. दीड खड्ड्याचे पेव्हर परत बसवायचा खर्च मी बिलातून वजा केला. चेअरमन साहेबांनी पूर्ण दोन खड्ड्यांचा कापला.